हात पिवळे

मेल रॉटरडॅमचा. तिथं उजाडायच्या आत आलेला.
चार ओळी. शिसं, मर्यादेच्या सहापट.
पिवळ्या मण्यांत. फक्त पिवळ्या.

अकरा हजार मण्यांच्या पाट्या,
सागाच्या रंगाची चौकट, वर तार, तारेत दहा मणी,
बालवाडीतल्या पोरांनी सरकवायचे, एक, दोन, तीन,
आणि मोजून कंटाळा आला की
तोंडात घालायचे.

कंटेनर न्हावाशेवाला उभा.
क्लिअरिंगचा पेडणेकर दर तासाला फोन करतो,
"साहेब, भाडं चढतंय. डॉलरात चढतंय."

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
केरसी साहेबांनी डब्यातला पातरा मोडला
आणि म्हणाले, "डिकरा, माल खराब नाही. पत्ता खराब आहे."
मग भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं,
रॉटरडॅमवरून खाली खाली आणलं,
एका बंदरापाशी थांबवलं.
"इथं ही मर्यादाच नाही.
नियमच नाही, तर मोडणार काय?"

सही माझी लागते. वि. ना. काळसेकर, एक्सपोर्ट मॅनेजर.

पवईच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर झालं होतं,
एसीत कुडकुडत आम्ही नैतिकता शिकलो.
शिकवणारा म्हणाला, अडलात तर एवढंच विचारा,
उद्या पेपरात पहिल्या पानावर आलं तर?
तेव्हा वहीत लिहून घेतलं.
आता विचारावंसं वाटतं, पेपर कुठला?
त्या बंदरातला पेपर
माझ्या सोसायटीत कोण वाचतं?

नमुन्याची पाटी टेबलावर. मी मणी सरकवत बसलो.
चौतीस बायकांचा पगार इकडे. दिवाळीचा बोनस इकडे.
बावीस वर्षांची नोकरी, आईच्या ऑपरेशनला
साहेबांनी न मागता दिलेले पैसे, इकडे.
तिकडे एक पोर, नाव माहीत नसलेलं.
कुठंही सरकवले तरी मणी दहाच.

हा पिवळा आला कुठून ते बघायला वसईला गेलो.
म्हणजे, बघायची गरज नव्हती.
किलोमागे तेवीस रुपये वाचतात म्हणून
पुरवठादार मीच बदलला होता.
त्या महिन्यात माझी पाठ थोपटली गेली.

कारखान्यात जेवणाची सुट्टी.
कुंदा तांडेलनं रॉकेलनं बोटं पुसली, पाण्यानं धुतली,
तरी नखांच्या कडेला पिवळं राहिलंच.
"काय करणार, साहेब,
मालक रोज आमचे हात पिवळे करतो,
नवरा मात्र एकीलाही बघून देत नाही."
सगळ्या हसल्या. मीही हसलो.
मग तिनं त्याच हातानं भाकरी मोडली.
सुट्टी संपल्यावर
ब्रशाचं टोक बारीक करायला
ओठांत धरलं.

ही ओळ रॉटरडॅमच्या मेलमध्ये नव्हती.
तिथल्या पोरांचा विचार कायद्यानं केला होता.
दुसऱ्या बंदरातल्या पोरांचा विचार
दोन दिवस मी करतोय, असं मला वाटत होतं.
वसई कुणाच्या मर्यादेत येते,
हे आठ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

रात्री मेल लिहिला. लांबलचक झाला, खोडला.
उरलं एवढंच:
माल कुठंही जाणार नाही.
चौतीस जणींचं रक्त तपासायचं आहे, खर्च कंपनीचा.
रंग मी निवडला होता.

साहेबांचं उत्तर नाही.
सकाळी केबिनवरून गेले, डबा स्वतः उचलून,
माझ्याकडे न बघता.
पेडणेकरचा फोन वाजतोय.

आणि एक राहिलंच.
नमुन्याच्या पाट्या दोन आल्या होत्या.
दुसरी आमच्या शिपायानं, परुळेकरनं, नातीसाठी मागितली,
मी दिली, वर म्हणालो, "एक्सपोर्ट क्वालिटी आहे, जपून वापर."
ती मागायला आज संध्याकाळी कॉटन ग्रीनला जायचंय.
पोरगी दीड वर्षाची. दात येतायत म्हणे.
काय सांगून मागायची
ते फोर्टपासून चालत निघालो तरी
ठरत नाहीये.